राख, पाणी आणि खाणीचे खंदक



आपल्याकडे राखेला कोणी घाबरत नाही. चुलीतल्या राखेने भांडी घासली, उरली ती माडाच्या आळ्यात टाकली. त्यामुळे कोळशाच्या राखेपासून जपा असे सांगितले, तर गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या सर्वण-कारापूरकडचा शेतकरी म्हणेल, राखच ना ती? राखच, पण दगडी कोळशाची. त्या कोळशात आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम अशी मंडळी अगदी थोड्या प्रमाणात मुरलेली असतात. कोळसा जळून जातो, यांतली बरीचशी मागे राहतात आणि राखेत त्यांचे प्रमाण वाढते. शिवाय आपल्या देशातला कोळसा मोठा राखाळ. शंभर किलो जाळला तर तीस ते चाळीस किलो राख पदरात पडते.

गोव्यात कोळशावरचे मोठे वीजकेंद्र नाही. मग आपला काय संबंध? संबंध बटणापाशी आहे. सर्वणच्या घरात दिवा लागतो त्या विजेतला मोठा वाटा छत्तीसगडमधल्या कोरबा, मध्य प्रदेशातल्या विंध्याचल अशा केंद्रांतून येतो. वीज तारेवरून इकडे येते, राख तिथल्या गावांच्या वाट्याला राहते.

ती ठेवतात कशी, हे डिचोलीकरांना फारसे समजवावे लागणार नाही. खनिज धुतल्यावर उरलेला गाळ पाण्यासकट ज्या बांध घातलेल्या तळ्यात सोडतात, ते टेलिंग पाँड या तालुक्याने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. राखेचेही तसेच. पाण्यात कालवायची, पाइपातून ढकलायची, तळ्यात सोडायची. तळे भरत आले की बांधाची उंची वाढवायची. वरून पाऊस पडतोच.

विंध्याचलचा असा बांध 6 ऑक्टोबर 2019 रोजी फुटला आणि राख रिहंद जलाशयाकडे वाहत गेली. विंध्याचल ज्या सिंगरौली जिल्ह्यात आहे, तिथेच 10 एप्रिल 2020 रोजी सासन वीजप्रकल्पाचा बांध फुटला. आपण सगळे टाळेबंदीत घरी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. राखेच्या लोंढ्यात सहा माणसे गेली, त्यांत मुलेही होती. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा बांध भर पावसात फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत शिरला. खाणीच्या डंपवरून उतरलेली लाल माती शेतात बसली की जमिनीचे काय होते, ते इथे वेगळे सांगायला नको. तिथे ती करडी होती, एवढेच.

पण बांध फुटला की निदान बातमी होते. खरे नुकसान होते ते बांध शाबूत असताना. तळ्याच्या तळाशी अस्तर नसेल तर पाणी राखेतून झिरपत खाली उतरते आणि जाताना विरघळेल तेवढे बरोबर नेते. शेजारच्या विहिरीचे पाणी दिसायला स्वच्छच असते, वास नाही, रंग नाही. आर्सेनिक चवीला कळत नाही. ते वर्षानुवर्षे पोटात जात राहिले की कातडीवर काळे डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. तोवर विहिरीवर संशय घेणारे कोणी उरलेले नसते.

उन्हाळ्यात तळ्याचा काठ सुकतो. ही राख चिमटीत धरली तर तोंडाला लावायच्या पावडरीसारखी मऊ लागते, आणि त्या मऊपणातच खोट आहे. तिच्यातले सर्वांत बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. दम्याच्या रोग्याला ते पहिल्यांदा कळते. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टनला 22 डिसेंबर 2008 रोजी असेच तळे फुटले. राख उपसणारे कामगार पुढे आजारी पडले आणि त्यांना वर्षानुवर्षे कोर्टात भांडावे लागले. उपसताना त्यांना साधे मास्कही धड मिळाले नव्हते, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

राख टाकाऊच असते असे मात्र नाही. सिमेंटच्या काही पोत्यांवर पीपीसी असे लिहिलेले असते. त्या सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राखच असते, आणि किती टक्के ते पोत्यावर छापलेले असते. म्हणजे ती आपल्या भिंतीत आधीच येऊन बसली आहे. तिथे बसली ते बरेच झाले. सिमेंटमध्ये बांधली गेलेली राख सहसा उडत नाही, झिरपतही नाही.

गोव्याला जपायचे आहे ते दुसऱ्याच वाटेवर. केंद्र सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांना सगळी राख वापरात आणायला सांगितले आहे, आणि मान्य वापरांत खाणींचे रिकामे खंदक भरणेही येते. वीजकेंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या खाणींचा त्यात खास उल्लेख आहे. आता नकाशा बघा. रत्नागिरीतले जयगड, कर्नाटकातले कुडगी, दोन्ही ठिकाणी कोळसा जळतो, आणि डिचोलीत खंदक हवे तेवढे. कागदावर जोडी छान जुळते.

फक्त आपले खंदक कोरडे नाहीत. शिरगाव-मुळगावकडच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, म्हणून तर विहिरी आटल्या. उपसा थांबला की तेच पाणी खंदकात भरते. म्हणजे त्या खंदकात राख ओतणे हे विहिरीतच ओतणे झाले, मग वर कितीही झाडे लावा. असा प्रस्ताव आज कुठल्या ग्रामसभेपुढे आला आहे असे मी म्हणत नाही. पण कधी आलाच, तर पहिला टिप्पर रिकामा होण्याआधी भोवतालच्या विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आर्सेनिकसकट, आणि अहवालाची प्रत पंचायतीत ठेवा. तो आधीचा आकडा हातात नसेल, तर हे विष पहिल्यापासूनच इथे होते असे उत्तर मिळते, आणि ते खोडून काढायला गावापाशी काही नसते.