पाहुणचाराचं शिक्षण आणि बंद केलेला कॅमेरा



आपल्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. म्हणून घरचीच गोष्ट सांगते.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ इथेच, जयलक्ष्मीपुरममधल्या एका खोलीत होतो. मी पीएचडीसाठी आलेली, तो हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला. दोघांत एक स्मार्टफोन आणि दोन बर्नरची शेगडी.

हॉटेल मॅनेजमेंट हे हाताने शिकायचं शिक्षण. स्वयंपाकघर, टेबल सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सगळीकडे प्रत्यक्ष काम करूनच सराव होतो. ते सगळं फोनवर आलं. घरी ओव्हन नसलेल्या मुलांनाही बेकिंगचे व्हिडिओ पाठवायला सांगितलं. वर सूचना, ‘मागचं घर दिसू देऊ नका.’ भावाने कॅमेरा बंद केला. हजेरी गेली.

८ जूनपासून हॉटेलं उघडायला केंद्राने परवानगी दिली, पण गिऱ्हाईक कुठे होतं? त्या वर्षी म्हैसूर दसऱ्याची जंबू सवारीसुद्धा राजवाड्याच्या आवाराबाहेर पडली नाही. ट्रेनिंगच्या जागा आटल्या. घरच्यांच्या ओळखी असलेल्यांना फ्रंट ऑफिस मिळालं. भावाला खोल्या आणि संडास निर्जंतुक करण्याची ड्युटी, तीही बिनपगारी. आमचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार. फोनवर एवढंच म्हणाले, "याच्यासाठी फी भरली होय रे?"

हाउसकीपिंग हलकं काम नाही. ते सगळ्यांनी शिकावं. पण तिथे कोणाला पाठवतात आणि कोणाला तिथेच ठेवतात, हा जातीचा प्रश्न आहे.

परदेशात शिकून १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तिथूनही हाकलले गेले. १९३४ साली सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले, तर दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून अडवले गेले. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख करून प्रवेशातला भेदभाव बंद केला गेला. गिऱ्हाईक म्हणून दार उघडलं. रिसेप्शनच्या टेबलामागे उभं राहण्याची लढाई मात्र अजून चालू आहे.

म्हणून मागण्या साध्या ठेवू. बुडालेली प्रॅक्टिकल कॉलेजच्या स्वयंपाकघरात पुन्हा घ्या, जादा फी न घेता. ट्रेनिंगला विद्यावेतन द्या. प्रत्येकाला सगळ्या विभागांत पाळीपाळीने पाठवा आणि ती यादी फलकावर लावा.

भावाच्या वर्गातल्या आठ जणांनी हाच अर्ज दिला. मसुदा आमच्या शेगडीशेजारी बसून लिहिला. ट्रेनिंगची ड्युटी बदलली नाही. पण दोन आठवड्यांचं प्रॅक्टिकल पुन्हा मिळालं, आणि हजेरीही धरली गेली.

आपल्या घराची लाज वाटून कॅमेरा बंद करावासा वाटेल, तेव्हा त्या आठ जणांना आठवा. अर्ज लिहा. एकट्याने लिहू नका.

जय भीम.