करवतीची दोन टोके

दिल्लीच्या चांदणी चौकात शीशगंज गुरुद्वारा आहे. १६७५ सालच्या नोव्हेंबरात, म्हणजे रायगडावरील राज्याभिषेकानंतर सुमारे दीड वर्षाने, औरंगजेबाच्या हुकुमाने गुरू तेगबहादुरांचा येथे शिरच्छेद झाला. त्यापूर्वी त्यांच्या तीन अनुयायांचा छळ करण्यात आला. भाई मतिदासांना करवतीने उभे चिरले, भाई दयालांना उकळत्या पाण्यात टाकले, भाई सतिदासांना कापसात गुंडाळून जाळले, असे शीख परंपरा सांगते. गुरुद्वाऱ्याजवळील संग्रहालयात आणि असंख्य शीख घरांतील भिंतींवर हे प्रसंग चितारलेले आढळतात.

त्यांपैकी मतिदासांचे चित्र विशेष विचार करावयास लावते. बांधलेला देह, मस्तकावर करवत आणि तिच्या दोन टोकांना दोन माणसे, एवढीच त्याची मांडणी. ग्रूनेवाल्डसारख्या युरोपीय चित्रकाराने क्रूसावरील ख्रिस्ताचा देह वेदनेने पिळवटलेला दाखविला; मतिदासांच्या मुद्रेवर मात्र वेदनेची रेषाही उमटत नाही. सत्तेची पोच देहापर्यंतच असते, ही श्रद्धा त्या शांत मुद्रेत साकार झाली आहे.

परंतु या चित्रातील दुसरे सत्य त्या दोन माणसांत आहे. ही करवत एकट्याने चालत नाही. जुलूम एकाच्या मनात जन्मास आला, तरी तो घडण्यास अनेक आज्ञाधारक हात लागतात, आणि त्या हातांची नावे सहसा कोणाच्या स्मरणात राहत नाहीत.

गुरूंचे धड लखीशाह वंजारी यांनी आपल्या घरी नेले आणि घरासकट अग्नीच्या स्वाधीन केले. त्या जागी, संसद भवनानजीक, आज रकाबगंज गुरुद्वारा आहे. १९८४ साली दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले. त्यातील मृतांच्या स्मरणार्थ याच आवारात २०१७ साली ‘सत्याची भिंत’ उभी राहिली. तेथे मृतांची नावे कोरलेली आहेत. मारणाऱ्यांची नावे त्या भिंतीवर नाहीत. त्यांच्यातील कित्येकांना न्यायालयाची पायरीही चढावी लागली नाही.

धार्मिक कला हुतात्म्यापुढे मस्तक नमविण्यास शिकविते, हे योग्यच आहे. परंतु दर्शन घेऊन परतणाऱ्याने त्या करवतीच्या टोकांकडेही क्षणभर पाहावे. तेथील एक हात जरी मागे घेतला गेला असता, तरी करवत थांबली असती.