विमानाची शेवटची हाक

इथं देवनहळ्ळीहून विमानं उडताना दिसतात. अनेक विमानांच्या शेपटीकडे एक छोटा डबा असतो, ईएलटी. जोराचा धक्का बसला की तो ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी उपग्रहांना हाक मारतो. आपल्याकडची ती हाक बेंगळुरूतच, इस्रोच्या इस्ट्रॅक केंद्रात पोहोचते. नुसत्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या जुन्या डब्याचं उपग्रह २००९ पासून ऐकत नाहीत.

विमानात डबा बसवताना बाण उड्डाणाच्या दिशेला हवा. अँटेना जवळ हवा. लांब केबल अपघातात तुटते, मग डबा ओरडतो पण ऐकू कुणालाच जात नाही. बॅटरीची तारीख उलटू देऊ नका. चाचणी तासाच्या पहिल्या ५ मिनिटांतच करा.

आणि विमान विकलंत, तर नोंदणी बदला. नाहीतर फोन जुन्या मालकाकडे वाजेल आणि डोंगरात माणसं वाट पाहत राहतील.