चिखल, दोर आणि रविवार



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी गिरण्या, संप, बोनस यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन. त्या विषयांवर मी गेली तीस वर्षे गेटसभांतून बोलत आलो आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते उन्हात उभे राहून ऐकलेही आहे. आज येथे बसावयास खुर्च्या आहेत, वर पंखा आहे. तेव्हा थोडा वेगळा विषय घ्यावा असे मी ठरविले. चारही चाकांना जोर असलेल्या जीपगाड्या मुद्दाम चिखलात घालावयाच्या आणि विंचच्या दोराने ओढून बाहेर काढावयाच्या, असा एक हौशी खेळ सध्या आपल्याकडे रुजला आहे. त्याविषयी मी बोलणार आहे.

आपण हसलात. मीही हसलो होतो. परंतु दोन पावसाळ्यांमागे आमच्या युनियनचा एक सभासद, लालबागच्या एका गॅरेजमधील मिस्त्री, उजव्या हाताला पट्टी बांधून कचेरीत आला. दोन बोटांची पेरे गेली होती. "कुठे झाले?" विचारले तर म्हणाला, "साहेब, खेळात." खेळणारा मात्र तो नव्हता. गाडी दुसऱ्याची, हौस दुसऱ्याची. हा रविवारची मजुरी घेऊन बरोबर गेला होता. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. वाचले, विचारले, आणि एका रविवारी कर्जतच्या बाजूला गुडघाभर चिखलात उभे राहून पाहिलेही.

प्रथम गाडीची हकिगत सांगतो. जीप ही लढाईची लेक. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी तातडीने हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या एका लहान कारखान्याने अवघ्या सात आठवड्यांत उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून लढाई संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. लढाई संपली आणि ही गाडी शेतात, रानात, सर्वेक्षणाच्या कामावर आली. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप सुट्या भागांतून जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने सुरू केले, ते येथून हाकेच्या अंतरावर, माझगावात. म्हणजे आज ज्या गाडीचे कौतुक गोव्याच्या जंगलात होते, तिचे भारतातले पहिले बोल्ट आवळणारे हात याच वस्त्यांतून सकाळी भोंग्याबरोबर बाहेर पडत होते. पुढे काम कांदिवलीला गेले, नाशिकला गेले. 'थार' नावाची गाडी २०१० साली आली, ती नाशिकचीच. मारुतीची जिप्सी १९८५ ची. आपल्याकडील हौशी मंडळी बहुतेक याच गाड्या घेतात आणि त्यांची मोडतोड करून नवी जुळणी करतात.

ही जुळणी कशासाठी, ते समजून घेतले पाहिजे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. म्हणून आसाच्या मध्ये डिफरन्शिअल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. रस्त्यावर हा गुण, चिखलात हाच दोष. एक चाक निसरड्यावर गेले की ते नुसते गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. आमच्या चळवळीतही असे होते. ज्याला भार नाही तो जोरात फिरतो. म्हणून ही मंडळी डिफरन्शिअलला कुलूप घालतात, म्हणजे दोन्ही चाके बरोबरीने फिरतात. छोट्या गिअरची जोडी असते, तिने वेग मरतो पण जोर वाढतो. टायर मोठे, खोल नक्षीचे घालतात आणि चिखलात त्यांतील हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो. एवढे करूनही गाडी रुतते. रुतावी अशीच वाट आखलेली असते. तेव्हा कामाला येतो विंच.

विंच हा शब्द मी मोटारीच्या पुस्तकात शिकलो नाही. माझे वडील गोदीत विंचवर होते. जहाजाच्या पोटातून माल वर घ्यावयाचा तर खलाशी ओरडत "हबेस!", खाली सोडावयाचा तर "आरिया!". हे शब्द जुन्या लष्करांच्या, म्हणजे खलाशांच्या बोलीतले. 'आरिया' तर पोर्तुगीज जहाजांवरून आलेला. आजही क्रेनवरची माणसे ते वापरतात. त्या रविवारी चिखलात एक मिस्त्री आपल्या मालकाला ओरडून सांगत होता, "हबेस, हबेस, बस!" ते ऐकून मला वडिलांची आठवण झाली.

जीपवरचा विंच म्हणजे पुढच्या बंपरावर बसविलेले विजेचे रहाट. गाडीच्या बॅटरीवर मोटर चालते, ढोलावर दोर गुंडाळला जातो. १९५९ साली अमेरिकेत वॉर्न कंपनीने हौशी लोकांसाठी असा विंच प्रथम बाजारात आणला. त्याआधी ही वस्तू कामकऱ्याचीच होती. विंचची ताकद गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट असावी असा नियम आहे. साडेनऊ हजार पौंडांचा विंच म्हणजे सुमारे ४,३०० किलो. पण हा आकडा ढोलावर दोराचा एकच थर असतानाचा असतो. थर वाढले की ढोल जाड होतो आणि ओढ कमी होते. म्हणून जाणता माणूस आधी पुष्कळ दोर सोडून दूरचे झाड धरतो. झाडाला दोर थेट बांधावयाचा नाही, साल कापली जाते. रुंद पट्टा बांधावयाचा. झाडाच्या पट्ट्यात कप्पी अडकवून दोर परत आपल्याच गाडीला आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, गती निम्मी होते. मात्र त्या झाडावरही दुप्पट भार येतो, हे विसरून चालत नाही. दुप्पट ओढ फुकट मिळत नाही. कुणीतरी दुसऱ्या टोकाला ती सोसत असतो.

या खेळाच्या मोठ्या शर्यती होतात. मलेशियात १९९७ साली पर्जन्यवनाच्या चिखलातील 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' सुरू झाली. तिची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरू लागली. गाडीत माणसे दोन. एक चालक, दुसरा साहाय्यक. चालक सुकाणू धरतो. साहाय्यक दोर खांद्यावर घेऊन चढ चढतो, झाड शोधतो, पट्टा बांधतो, कप्पी लावतो, धावत परत येतो. घड्याळ चालू असते. आखलेल्या फितीला गाडी लागली तर दंड. मी पाहिलेला मेळा अगदी लहान होता, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका नाल्यात गाडी आडवी होण्याच्या बेतात असता, एका तरुणाने मागच्या चाकाखाली दगड सरकवून, तिरपी कप्पी लावून ती अशी सरळ केली की, माझ्या तोंडून "वाहवा" निघून गेले. हे कौशल्य आहे. ज्याला हाताचे कौशल्य दिसले की आनंद होत नाही, त्याने कामगारांत काम करू नये असे मला वाटते. म्हणून "श्रीमंतांचे चाळे" एवढे म्हणून मी हा विषय झटकणार नाही.

हे कौशल्य उपयोगीही पडते. २०१८ च्या केरळातील महापुरात तेथील हौशी जीपवाल्यांनी आपल्या उंच गाड्या काढून बचावकार्यात हात दिला. मात्र यंत्राचा गर्वही नको. जुलै २०२३ मध्ये रायगडातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेथे वर रस्ताच नव्हता. माणसांना पायी चढून हातांनी माती उकरावी लागली. आणि २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत एक भारी परदेशी मोटार रुतली, ती शेवटी बैलगाडीने ओढून काढली! बैलांना कुणी पौंडांचा आकडा विचारला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या मिस्त्रीचे काय झाले? ओढताना अपघात झाला नाही; ओढून झाल्यावर झाला. मोकळा दोर ढोलावर परत घेताना त्याने आकडा हातात धरला होता. बटण गाडीच्या मालकाच्या हाती होते आणि मालकाचे लक्ष टाळ्यांकडे होते. दोर जेथून आत जातो त्या तोंडापाशी बोटे ओढली गेली. आकड्याला वीतभर पट्टा बांधून तो पट्टा धरावा, हातात जाड मोजे असावेत, आणि बटण धरणाऱ्याने दोर हाताळणाऱ्याच्या खुणेवाचून बोट हलवू नये, हे तिन्ही नियम या खेळाच्या पुस्तकांत छापलेले आहेत. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभे राहू नये, दोरावर ओझे टाकावे म्हणजे तुटला तर उसळणार नाही, हेही छापलेले आहे. माझे वडील हेच सांगत: "ताणलेल्या दोरासमोर देवसुद्धा उभा राहत नाही." गोदीत हे शहाणपण बोटे गमावून आले, गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा एक कायदा १९८६ साली झाला.

मी गाडीच्या मालकाला भेटलो. माणूस वाईट नव्हता. त्याने इस्पितळाचे पहिले बिल भरले होते. पण पुढच्या सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचे विचारले तेव्हा तो म्हणाला, "अहो, हा तर हौशी खेळ आहे. येथे कोण कुणाचा मालक?" मी म्हटले, "हौस तुमची होती. त्याची मजुरी होती." १९२३ साली या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी साधे तत्त्व आहे: ज्याच्या कामात हात गेला, त्याने हाताची भरपाई करावी. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला तोही याच प्रश्नातून, की ज्याचा मालक रोज बदलतो त्याचा मालक कोण? रविवारी चिखलात दोर ओढणारा मिस्त्री त्याच रांगेत उभा आहे. त्याला "दोस्त" म्हटल्याने मजुरीचे नाते संपत नाही.

आणखी एक गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून फार बदललेल्या गाड्या दुसऱ्या वाहनावर लादून मैदानापर्यंत नेतात. पण बदल करणारे हात गॅरेजवाल्याचे असतात. काही अडचण आली तर मालक म्हणतो, "मिस्त्रीने केले." बक्षीस मिळाले तर म्हणतो, "मी केले."

आणि जमीन? चिखल म्हणून जो दिसतो तो पुष्कळदा कुणाचा तरी भातखाचराचा बांध असतो, कुणाचा पाणवठा असतो. चाकाने तोडलेला बांध मालक विसरतो. शेतकऱ्याला तो पुन्हा घालावा लागतो. परवानगी घेऊन, आखलेल्या जागेत, भाडे देऊन खेळ व्हावा. असे करणारी मंडळी आहेत, आणि त्यांचा खेळ त्यामुळे काही फिका पडत नाही.

शेवटी रविवारविषयी. हा खेळ रविवारी होतो. हा रविवार आला कोठून? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा बोलावली आणि मागणी केली की आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. घोड्यांच्या मैदानात आम्ही रविवार जिंकला. तो केवळ झोपेसाठी नव्हता. माणसाला आपल्या आवडीचे काही करता यावे, पोराबाळांबरोबर बसता यावे, यासाठी होता. म्हणून कुणी तो रविवार चिखलात घालवला तर माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की एकाचा रविवार दुसऱ्याच्या बोटांवर उभा राहू नये.

आमच्या मिस्त्रीला पुढे काय मिळाले, असे आपण विचाराल. खटला झाला नाही. चार बैठका झाल्या. मालकाने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून सहा महिन्यांची मजुरी दिली. त्याहून महत्त्वाचे असे की, त्या मंडळींनी कागदावर लिहून दिले: मजुरीने बरोबर नेलेल्या प्रत्येक माणसाचा त्या दिवसाचा विमा उतरवू, मोजे देऊ, आणि दोर हाताळणाऱ्याच्या हुकमाशिवाय बटण दाबणार नाही. चार ओळींचा कागद आहे. माझ्या आयुष्यात मी याहून मोठे करार केले. त्यांतले काही आता बंद पडलेल्या गिरण्यांबरोबर गेले. हा छोटा कागद मात्र चालू आहे.

आमचा मिस्त्री आजही त्या मंडळींबरोबर जातो. मी विचारले, "का रे, भीती वाटत नाही?" तो म्हणाला, "साहेब, रुतलेली गाडी माझ्या खुणेवर बाहेर येते तेव्हा बरे वाटते." आता 'हबेस' तो म्हणतो आणि बटण मालक दाबतो. यापरते मला काही सांगावयाचे नाही.