आम्ही उभयतांनी पाहिलेला जपान
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, तुम्ही उभयता जपान पाहून आलात, तेव्हा मंडळापुढे चार शब्द बोला. मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण हळदीकुंकवाला, भाजी घेताना, देवळाच्या पायरीवर ज्या मैत्रिणी मला रोज एकेक प्रश्न विचारतात, त्या सर्वांना एकदाच उत्तर देता येईल, म्हणून उभी राहिले आहे. कमीजास्त बोलले गेले तर सांभाळून घ्यावे.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "जपानच का?" लोक दुबईला जातात, सिंगापूरला जातात. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, आता कुठेतरी दूर जाऊन या. आमच्या यजमानांचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आठ माग होते. सुताचा भाव, विजेचे बिल, मालाला न मिळणारी किंमत, यांत तीन वर्षांपूर्वी चार जुने माग भंगारात गेले. वजनावर गेले. उरलेले चार ठेवायचे की तेही काढायचे, हा विचार घरात रोज ताटावर बसताना निघे. मुलगा पुण्याला नोकरीत; तो म्हणे, काढून टाका. अशा वेळी यजमान म्हणाले, "टोयोटा मोटार ज्या देशात मागातून निघाली, तो देश पाहायचा." मला आधी थट्टाच वाटली. मागातून टॉवेल निघतो, चादर निघते, मोटार कशी निघेल? पण ते खरे आहे. पुढे सांगते.

दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात आम्ही निघालो. बारा दिवसांचा प्रवास. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि तेथून विमान. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी, मेतकूट आणि थोडा चिवडा. बहिणींनो, आपल्या कडक भाकरीसारखा प्रवासातला सोबती नाही. जपानात शाकाहारी माणसाची पंचाईत होते, कारण वरून साधे दिसणारे सूपसुद्धा बहुधा माशाच्या अर्कावर केलेले असते. भात मात्र कुठेही मिळतो आणि फार छान मिळतो. भातावर शेंगाची चटणी, असे आमचे कित्येक दिवस गेले. भाषेचे म्हणाल तर इंग्रजीने तिथे फारसे भागत नाही. तेव्हा मला इंग्रजी येत नाही याचे दुःख उरले नाही! मोबाइलमध्ये मराठीत बोलायचे, तो जपानीत बोलतो.

तोकियो शहर फार मोठे. उंच इमारतींचे वर्णन मी करत नाही. ती चित्रे तुम्ही पाहिलेली आहेत. मला आवडली ती उएनो नावाच्या बागेतली एक जागा. तिथे मोठे तळे आहे, तळ्यात कमळे आणि मधोमध बेटावर देऊळ. देऊळ कोणाचे, तर बेंतेनचे. ही बेंतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमधून जपानात गेली. तिच्या हातात तिकडची वीणा आहे आणि तिची देवळे बहुधा पाण्याकाठी असतात. तळ्यातले देऊळ पाहून आम्हां दोघांच्या तोंडून एकदमच "सिद्धेश्वर!" असा शब्द निघाला. इतक्या दूर जाऊन गड्ड्याची आठवण आली.

तोकियोहून नागोयाला वेगवान आगगाडीने गेलो. तिला शिनकानसेन म्हणतात. ही गाडी १९६४ साली, तोकियोच्या ऑलिंपिकच्या जरा आधी सुरू झाली. दीड-पावणेदोन तासांत आम्ही नागोयात. फिरायला येणारे लोक नागोयात फारसे उतरत नाहीत, पण आमचे मुख्य काम तिथेच होते.

तिथे जुन्या लाल विटांच्या गिरणीत एक संग्रहालय आहे. साकिची तोयोदा या गृहस्थांनी १९११ साली तिथे मागांचा कारखाना उभारला होता. त्याच जागी १९९४ साली टोयोटाच्या कंपन्यांनी हे संग्रहालय उघडले. हे तोयोदा १८६७ साली एका सुताराच्या घरी जन्मले. आई घरी हातमागावर विणायची. दिवसभर राबणारी आई पाहून, हे काम सोपे कसे करता येईल, हा ध्यास या मुलाने घेतला. १८९१ साली त्यांनी एका लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. दोन हातांनी चालवायचा माग त्यांनी एका हाताने चालेल असा केला. पुढे १९२४ साली त्यांनी असा स्वयंचलित माग तयार केला की धोट्यातले सूत संपले तर माग न थांबता धोटा आपोआप बदलावा, आणि ताण्याचा धागा तुटला तर माग आपोआप थांबावा. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. साऱ्या जगाला कापडाची यंत्रे विकणाऱ्या इंग्लंडने जपानी सुताराच्या मुलाकडून माग घेतला! त्यांच्या मुलाने, किइचिरो यांनी, १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली. मागातून मोटार निघाली ती अशी.

त्या संग्रहालयात माग नुसते काचेत ठेवलेले नाहीत. तेल घालून, पुसून, चालू ठेवले आहेत. एका सेविकेने कळ दाबली आणि तो खटखट आवाज सुरू झाला. तिने ताण्याचा एक धागा मुद्दाम तोडला. माग जागच्या जागी उभा राहिला. आमचे यजमान पुढे जाऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "आपले चार गेले ते किलोने." मी काही बोलले नाही. काय बोलणार? घर चालवायला ते विकावे लागले. पण आपल्या गावाचा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही. आपली जुनी गिरणी १८७७ सालची, म्हणजे या तोयोदांच्या कारखान्याच्या चौतीस वर्षे आधीची. एवढ्या गिरण्या झाल्या, हजारो माणसे भोंग्यावर उठली आणि जेवली. त्यांतला एखादा माग चालू ठेवून आपल्या नातवंडांना दाखवावा, असे ठिकाण आपल्या शहरात हवे.

आणखी एक गोष्ट मनात आली. तिथल्या कापडाच्या आणि रेशमाच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या खेड्यांतून आलेल्या मुलींच्या कष्टांवर. रोज बारा-बारा तासांहून अधिक काम, वसतिगृहात कोंडलेले जिणे, क्षयाने गेलेल्या कितीतरी. पितळ चकाकते, त्यामागचे हे हात दिसत नाहीत. आपल्याकडे तरी कांड्या भरणाऱ्या, टॉवेलाच्या कडा शिवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली आहेत?

तेथून क्योतो. क्योतो ही ७९४ सालापासून हजारावर वर्षे राजधानी होती. तिथे एका लांबच लांब लाकडी देवळात सहस्रभुज कान्नोनच्या एक हजार एक मूर्ती ओळीने उभ्या आहेत. कान्नोन म्हणजे करुणेची देवता, आपल्याकडचा अवलोकितेश्वर. त्या मूर्तींच्या रक्षणाला अठ्ठावीस देव आहेत. त्यांत आपले ब्रह्मदेव, इंद्र आणि गरुडसुद्धा आहेत. मी त्यांना आपल्या पद्धतीने हात जोडले.

क्योतोतच निशिजिन हा विणकरांचा भाग आहे. तिथले जरीचे पट्टे जपानी बायका किमोनोवर बांधतात. १८७२ साली क्योतोहून माणसे फ्रान्सला शिकायला गेली आणि जॅकार्ड शिकून आली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठते तेच जॅकार्ड, ज्यावर आपल्या सोलापुरी चादरीवर फुले आणि मोर उठतात. तिथले काही कारागीर नखांच्या टोकांना करवतीसारखे दाते पाडतात आणि त्या नखांनी एकेक धागा बसवतात. दिवसभरात कापड होते बोटभर. तिथेही मागांचा आवाज आता कमी झाला आहे.

नारा येथे तोदाईजी मंदिरात सुमारे पंधरा मीटर उंचीची ब्राँझची बुद्धमूर्ती आहे. ७५२ साली तिचे नेत्रोन्मीलन झाले. मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला मिळाला. कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना मिळावे. ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे रथाचा दोर नाही का सगळे धरत, तसेच.

आता हिरोशिमा. निघण्यापूर्वी एका वडीलधाऱ्या बाईंनी मला विचारले होते, "आपले कोटणीस डॉक्टर जपान्यांच्या हल्ल्यात घायाळ झालेल्या चिनी लोकांसाठी गेले आणि तिकडेच वारले. तू त्या जपानला फिरायला जातेस?" भैय्या चौकातल्या स्मारकावरून मी कितीदा गेले असेन, पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. डॉक्टर १९३८ साली गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली. ज्या इमारतीचा नुसता सांगाडा उरला, ती त्यांनी तशीच ठेवली आहे. संग्रहालयात मुलांचे जळके कपडे आहेत, डबे आहेत. डब्यापाशी मला पुढे जाववेना. सकाळी कोणा आईने तो भरून दिला असेल.

त्या शहरात ट्रामगाड्या आहेत. युद्धात पुरुष गेले म्हणून शाळेच्या वयाच्या मुली ट्राम चालवीत होत्या. बाँबनंतर तिसऱ्याच दिवशी एक लहानसा मार्ग पुन्हा सुरू झाला. त्या बाईंना मी आज उत्तर देते: मावशी, आपले डॉक्टर कोणाचा द्वेष करायला गेले नव्हते, जखमा बांधायला गेले होते. हिरोशिमात असते तर त्यांनी तिथेही बांधल्या असत्या. जपानी राज्यकर्त्यांनी चीनमध्ये जे केले ते विसरायचे नाही आणि हा डबाही विसरायचा नाही.

शेवटचे गाव इमाबारी. समुद्रातल्या बेटांवरून एकामागून एक पूल बांधून सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता केला आहे, त्यावरून बसने गेलो. हे जपानचे टॉवेलांचे गाव, म्हणजे त्यांचे सोलापूरच म्हणा. १८९४ पासून तिथे टॉवेल होतो. आणि त्यांची कहाणी आपल्यासारखीच. बाहेरच्या देशांतून स्वस्त टॉवेल आले. पाचशेच्या घरात कारखाने होते, ते शंभराच्या आसपास आले. मग सगळे कारखानदार एकत्र बसले आणि २००६ पासून त्यांनी एक सामाईक खूण ठरवली. ती खूण कोणालाही मिळत नाही. टॉवेलाचा लहान तुकडा पाण्यावर टाकतात. पाच सेकंदांत तो बुडू लागला तर पास. म्हणजे टॉवेल पाणी पितो की नाही, ते पाहायचे. खुणेच्या मागे ज्या कारखान्याने माल केला त्याचा क्रमांक असतो. वाईट निघाला तर कोणाचा ते कळते. टॉवेल महाग आहे, तरी लोक लग्नात, बारशाला भेट म्हणून देतात.

यजमानांनी तिथला एक टॉवेल घेतला आणि हॉटेलात आपला घरचा टॉवेल काढून दोन्हींचे कोपरे वाटीतल्या पाण्यात धरले. तो आधी प्यायला. आपला जरा मागाहून, पण प्यायला! मग ते म्हणाले, "दोन-तीन धुण्यांनंतर आपलाही तसाच पितो. धुऊन विकला पाहिजे." त्या रात्री त्यांनी कितीतरी वेळ हिशेब मांडला. मी झोपले.

बहिणींनो, आपल्या सोलापुरी चादरीला आणि टॉवेलाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे हे नाव कायद्याने आपल्या गावचे आहे. तरी बाहेर केलेला माल सोलापुरी म्हणून विकला जातो, आणि आपण बायकाच दुकानात चार रुपये कमी म्हणून तो घेतो. खरेदी घरातली बाई करते. तेव्हा हे आपल्याच हातात आहे. माझ्या दोन सूचना आहेत. येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी आपल्या गावच्या मागावरचा हातपुसणा द्यावा आणि घेताना तो कोणाच्या कारखान्यातला ते विचारावे. दुसरी अशी की, आपल्या गल्लीत गिरणीत काम केलेल्या, कांड्या भरलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत. त्यांच्या आठवणी कोणी मुलीने लिहून घ्याव्या आणि पुढच्या स्मरणिकेत छापाव्या. आपल्याला संग्रहालय उभारता येणार नाही, पण चार पाने भरता येतील.

आमच्या चार मागांचे काय झाले, असे काही जणी विचारतात. अजून विकलेले नाहीत. दोन मागांवर थोडा जाड टॉवेल काढून, धुऊन, आपल्या नावाची पट्टी लावून विकून पाहायचे ठरले आहे. एक वर्षाची मुदत घातली आहे. पट्ट्या शिवण्याचे काम माझ्याकडे आहे. जमेल की नाही, देव जाणे. ज्यांना शिवणाचे काम हवे असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे.