गेटच्या आतलं वाय-फाय : कुवेतच्या अमेरिकन तळावरचे चौदा महिने

(या भागात बोललेलं जवळपास जसंच्या तसं इथे उतरवलंय. अडखळलेलं आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय.)

आजचा भाग आमच्या नेहमीच्या यादीत नव्हता. परवा रात्री साडेअकराला माझ्या आतेभावाचा मेसेज आला. "दादा, कतारला अमेरिकन बेसवर नेटवर्क टेक्निशियनची ऑफर आहे. एजंट दीड लाख मागतोय. जाऊ का?" खाली लगेच दुसरा मेसेज, "आईला सांगू नको."

आत्याला का सांगायचं नाही ते मला कळलं. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अल उदेद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा तिने टीव्ही बंदच केला नव्हता. आणि मला का विचारलं तेही उघड आहे. मी २०१९ च्या जुलैपासून चौदा महिने कुवेतमध्ये, कॅम्प आरिफजान नावाच्या अमेरिकन तळावर हेच काम करत होतो. त्याच्याशी तासभर बोललो. मग वाटलं, हे प्रश्न त्याच्या एकट्याचे नाहीत. चिपळूण, खेड, दापोली, श्रीवर्धन, घरटी एक माणूस आखातात. पण तळावर नेमकं काय असतं, हे घरी कोणी सांगत नाही.

आधी हे, की तिथे जाऊन आपण सैनिक वगैरे होत नाही. बंदूक नाही, गणवेश नाही. तळ म्हणजे एक अख्खं गाव असतं. कोणीतरी जेवण बनवायचं, कपडे धुवायचे, संडास साफ करायचे, एसी दुरुस्त करायचे, बस चालवायची. पूर्वी ही कामं बरीचशी सैन्यच करायचं. १९८५ मध्ये अमेरिकन लष्कराने 'लॉगकॅप' नावाची योजना आणली आणि ही कामं हळूहळू खासगी कंपन्यांकडे गेली. किती गेली? जानेवारी २०२१ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकन सैनिक उरले होते अडीच हजार, आणि कंत्राटी माणसं होती सुमारे अठरा हजार. म्हणजे एका सैनिकामागे सात कंत्राटी. मुख्य कंपनी अमेरिकन, तिच्या खाली उपकंत्राटदार, त्याच्या खाली आणखी एक, आणि तळाशी आम्ही. आम्हाला टीसीएन म्हणतात. तिसऱ्या देशाचे नागरिक. अमेरिकेचे नाही, कुवेतचेही नाही.

माझी कंपनी बॅरॅकमध्ये सैनिकांना पैसे घेऊन इंटरनेट द्यायची. लष्कराचं स्वतःचं नेटवर्क वेगळं, त्याच्या खोलीजवळही आम्हाला फिरकायची परवानगी नव्हती. आमचं काम म्हणजे पोरांना घरी व्हिडिओ कॉल करता यावा, पिक्चर बघता यावा, एवढंच. बीटेक केलं होतं, पुण्यात सात महिने बेंचवर काढले होते, आणि इथे महिन्याला २८० दिनार मिळत होते. तेव्हाच्या भावाने साधारण पासष्ट हजार रुपये. हो म्हटलं.

दिवस कसा असायचा सांगतो. आम्ही राहायचो महबूलाला. कंपनीची बिल्डिंग, एका खोलीत सहा जण, खाली केरळी मेस. पहाटे चारला बस. गेटवर सगळ्यांनी उतरायचं, बस वेगळी तपासणार, माणसं वेगळी. कुत्रा येऊन हुंगून जाणार. बोटांचे ठसे, बॅज, अंगझडती. आमच्या बॅजवर फोन आत न्यायला बंदी, तो गेटवर जमा. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. ड्यूटी मात्र सहालाच सुरू झालेली धरायची, उशीर झाला की पगारातून कापणार. याच्यावर खूप भांडणं व्हायची आणि काही उपयोग व्हायचा नाही.

आत गेलं की सगळं बॅजवर. बॅज कोणता त्यावर तुम्ही कुठल्या दारातून जाणार, कुठे जेवणार, सोबत पहारेकरी लागणार की नाही, हे ठरतं. माझ्या बॅजवर मेसचं जेवण नव्हतं. डबा न्यायचा, कंटेनरच्या सावलीत बसून खायचा. पन्नास डिग्रीत सावलीला काही अर्थ नसतो तो भाग वेगळा. आणि 'तोझ' आला, म्हणजे धुळीचं वादळ, की डब्यातला भात कचकच लागायचा आणि माझ्या ॲक्सेस पॉइंटचे डबे धुळीने भरायचे. ते ब्रशने साफ करणं हे माझ्या इंजिनिअरिंगचं मुख्य काम होतं. हसू नका.

कुणी वाईट वागायचं असं नाही. उलट सैनिक पोरं बहुतेक माझ्यापेक्षा लहान, एकोणीस-वीसची. नऊ महिन्यांनी एक तुकडी जाणार, दुसरी येणार. जाताना काँक्रीटच्या भिंतींवर आपल्या तुकडीचं चित्र रंगवून जायची. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांची सुपर बोल मॅच होती, कुवेतमध्ये पहाटे अडीचला. सगळ्या तळाने एकदम स्ट्रीमिंग सुरू केलं आणि माझं नेटवर्क आडवं झालं. त्या रात्री मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या जन्मात खाल्ल्या नाहीत.

भीती वाटली का, असं आतेभावाने विचारलं. एकदा. ३ जानेवारी २०२० ला अमेरिकेने कासिम सुलेमानीला मारलं आणि ८ जानेवारीच्या रात्री इराणने इराकमधल्या ऐन अल असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली. त्याच दिवशी कुवेतच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या ट्विटरवर बातमी आली, अमेरिका तीन दिवसांत आरिफजान सोडणार. आमच्याकडे एकच गोंधळ. नोकरी गेली, पगार कोण देणार, पासपोर्ट कुठे आहेत? थोड्या वेळाने कळलं की अकाउंट हॅक झालं होतं, बातमी खोटी. पण तो मधला वेळ माझ्या लक्षात राहिलाय. क्षेपणास्त्राला कोणी घाबरलेलं नव्हतं. सगळे पासपोर्टचं विचारत होते.

कारण पासपोर्ट कंपनीकडे. 'सांभाळून ठेवतो' म्हणून घेतलेले. आणि गंमत बघा, आमच्याच संडासाच्या भिंतीवर पोस्टर होतं, हिंदीतसुद्धा, की पासपोर्ट काढून घेणं, नोकरीसाठी कामगाराकडून पैसे घेणं अमेरिकन सरकारी कंत्राटात बेकायदा आहे. मी रोज ते वाचायचो. त्या बातमीनंतर धीर करून ऑफिसात गेलो. दोन दिवस फिरवलं, तिसऱ्या दिवशी कागदावर सही घेऊन दिला. मागितला म्हणून दिला. बाकी कोणी मागितला नव्हता.

आता लाँड्रीवाल्या चाचांबद्दल. खेड तालुक्यातले, वय पंचावन्नच्या पुढे, आखातात पंचवीस वर्षं. मधली दोन इराकात काढलेली, बलदच्या तळावर. २००४ मध्ये बारा नेपाळी कामगारांना इराकात पळवून नेऊन मारलं, त्यानंतरही गेले होते. मी विचारलं कशाला गेलात, तर म्हणाले, "पोरीचा लगीन होता." पगार नव्वद दिनार, वर ओव्हरटाइम. मी चिपळूणचा कळल्यावर पहिल्या दिवशी म्हणाले, "मग डबा कसला आणतोस, सुकटीची चटणी खा." गेटवरच्या तपासणीत त्या सुकटीच्या वासाने कुत्रा गांगरायचा.

६ एप्रिल २०२० ला कोरोनामुळे सरकारने महबूला पूर्ण बंद केलं. आमची रात्रपाळी चालू होती. सकाळी परत जायला बसच नाही. बाहेर सोडणार नाहीत, घरी जाता येणार नाही. चाळीस जणांना एका मोठ्या तंबूत खाटा टाकून दिल्या. अंगावरचे कपडे सोडून काही नाही. लाँड्रीवाला ओळखीचा असल्याचा फायदा तेव्हा कळला. दोन-चार दिवसांनी फोनही दिले, पण कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवून. स्टिकर निघालेलं दिसलं तर फोन जप्त. हे जुलैपर्यंत चाललं.

मे महिन्यात, रोजे चालू असताना, चाचांची आई गेली. म्हातारपणच, दुसरं काही नाही. विमानं बंद. वंदे भारतची सुरू झाली होती पण त्यात नंबर लागायला गरोदर बायका, आजारी माणसं, नोकरी गेलेले असे पुढे. आणि तंबूतून बाहेर पडायलाच परवानगी नाही. दफन दुपारच्या नमाजानंतर. चाचा माझ्याकडे आले आणि नुसते उभे राहिले. मागितलं काहीच नाही.

आमचं वाय-फाय सैनिकांसाठी. मोबाइलची रेंज तंबूत येत नव्हती. माझ्याकडे चाचणीसाठीची लॉगिन असायची, ती दुसऱ्याला देणं म्हणजे करारभंग. मी दिली. बॅरॅकच्या मागे, जिथे सिग्नल चांगला होता तिथे आम्ही उकिडवे बसलो. पुतण्याने तिकडून फोन धरला होता. लॉकडाऊनमुळे कब्रस्तानात मोजकीच माणसं. आंब्याचं झाड, लाल माती, सगळं स्वच्छ दिसत होतं. पण आमच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. त्यामुळे चाचांना गाव दिसत होतं आणि गावाला चाचा दिसत नव्हते. पुतण्या सारखा विचारत होता, "चाचा, हायस ना? हायस ना?" आणि चाचांना बोलता येत नव्हतं, म्हणून मीच म्हणत होतो, "आहेत, आहेत."

लॉग असतातच. आठवड्याने मला लेखी ताकीद मिळाली. सप्टेंबरमध्ये करार संपला आणि वाढवला नाही. त्याच कारणाने की माणसं कमी करत होते म्हणून, मी विचारलं नाही. चाचा पुढे वर्षभर होते.

तर आतेभावाला मी काय सांगितलं. दीड लाख द्यायचे नाहीत. आपल्याकडे परवानाधारक एजंटला जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी घेता येतो, तेही पावती देऊन. एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर बघायचा. आणि काम खरंच अमेरिकन सरकारी कंत्राटातलं असेल तर भरतीचे पैसे उमेदवाराकडून घेताच येत नाहीत. पासपोर्ट स्वतःकडे. करारावर जी कंपनी आहे तीच व्हिसावर आहे का, ते बघायचं. आणि 'डिफेन्स बेस ॲक्ट' हे नाव घरच्या कोणाला तरी लिहून द्यायचं. १९४१ चा अमेरिकन कायदा आहे. त्याखाली कंत्राटी कामगाराचा विमा काढावाच लागतो, मग तो कुठल्याही देशाचा असो. जखमी झालास, काही झालं, तर भरपाई घरी येते. पण कोणी सांगत नाही, दावा आपल्यालाच करावा लागतो. आणि त्याच कायद्यात, परदेशी माणसाची पुढची भरपाई अर्ध्या रकमेवर एकदाच देऊन मिटवायची सोयही ठेवलीय. वाचून मला पहिल्यांदा आमच्या बॅजचे रंग आठवले.

जा की नको जाऊ, हे मी त्याला सांगितलं नाही. त्या पैशातून माझं एज्युकेशन लोन फिटलं, ते खोटं कसं बोलू. रिझ्युमेवर ते चौदा महिने बघून पुढची नोकरीही मिळाली.

काल त्याने एजंटकडे पावती मागितली आणि परवान्याचा नंबर विचारला. तेव्हापासून एजंट फोन उचलत नाहीये. आता ऑफर गेली म्हणून तो माझ्यावर चिडलाय, आणि आत्याला हे सगळं कोणी सांगायचं यावर आमचं अजून ठरत नाहीये.