वाड्याचा चौक आणि आजचें घर

मे महिन्यांतल्या भर दुपारीं पुण्याच्या एखाद्या जुन्या पेठेंतून चालत आलेला मनुष्य वाड्याच्या दिंडीदरवाजांतून आंत पाऊल टाकतो, तेव्हां बाहेरची झळ देवडीपाशींच थांबल्याचें त्याला जाणवतें. श्रोत्यांपैकीं कित्येकांचें बाळपण अशा वाड्यांत गेलें असेल. पंखा नाहीं, यंत्र नाहीं. मग हा गारवा येतो कोठून?

त्याचें उत्तर चौकांत आहे. चौक म्हणजे रिकामी राहिलेली जागा नव्हे. तें घराचें नाक आहे. रात्रीं थंड हवा उघड्या चौकांत उतरते आणि फरसबंदीवर, ओसरीवर सांचून राहते. दिवस चढला कीं चौकांतली तापलेली हवा वर निसटते, व तिच्या जागीं सावलीच्या बोळांतली हवा देवडींतून आंत ओढली जाते. भिंती दगडी जोत्यावर उभारलेल्या, विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात जाड. दुपारचें ऊन अशा भिंतींतून आंत पोंचेपर्यंत रात्र होते, आणि तोंवर बाहेर गार पडलेलें असतें.

विटा सांधलेल्या असत चुन्यानें. ह्या चुन्याची थोरवी वाडा पाडतांना कळते. सिमेंटमधली वीट सोडवूं जातां फुटते. चुन्यांतली पुष्कळदां अखंड निघते आणि दुसऱ्या भिंतींत बसते. सागवानी खांब-तुळयांचें तर विचारूंच नये. शंभर वर्षें मजले तोलून झाल्यावर त्यांचीं दारें-खिडक्या होतात. नव्या भाषेंत ज्याला शाश्वत बांधकाम म्हणतात, त्याची खूण हीच.

मात्र वाड्याचें कौतुक करणाऱ्या पुष्कळांनीं मागच्या चौकांतल्या अंधाऱ्या खोलींत संसार केलेला नसतो, हेंही बोललें पाहिजे. शौचकूपापुढची रांग, पावसाळ्यांत गळणारें छप्पर, कायद्यानें गोठलेलें भाडें आणि त्यामुळें डागडुजीस हात आंखडणारा मालक, हीं दुखणीं खरीं होतीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दिवसांत मातीस मिळाले. उरलेल्यांपैकीं अनेकांच्या जागीं पुढें सदनिकांच्या इमारती आल्या. तेथें राहावयास गेलेल्या गृहिणीला स्वतःचा नळ व स्वतःचा संडास मिळाल्यावर जो आनंद झाला, तो कोणी हिणवूं नये.

नुकसान झालें तें निराळ्या ठिकाणीं. वाड्याबरोबर त्याचें शहाणपणही राडारोड्यांत गेलें. पश्चिमेच्या अंगास मोठमोठ्या कांचा लावावयाच्या, उतरत्या उन्हानें खोली भाजूं लागली कीं विजेच्या यंत्रानें ती गार करावयाची, आणि त्या यंत्रानें आंतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीकडे फेंकावयाची! दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असला तर उन्हाळ्यांतलें माथ्यावरचें ऊन अडतें आणि हिवाळ्यांतलें, खालून येणारें, आंत येतें. मावळतीचें तिरपें ऊन मात्र छज्ज्याला जुमानीत नाहीं. त्याला झाड, जाळी किंवा जाड भिंतच हवी.

पाण्याचें गणित तर शाळेंतल्या मुलासही सुटेल. पुण्यांत वर्षाकांठीं सुमारें ७० सेंटिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर त्याचें ७०,००० लिटर पाणी होतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी ५६,००० लिटर उरतें. ज्या शहरांत नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें आणून हौदांत खेळविलें, त्याच शहरांत गच्चीचें पाणी गटारांत सोडून उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिली जाते.

आज वडिलोपार्जित वाडा पाडावयाचा कीं नाहीं, ह्या विवंचनेंत असलेलीं घरें पुण्यांत थोडीं नाहींत. वाडा मोडकळीस आला असेल तर तो पाडण्यांत पाप नाहीं. पण नव्या नकाशावर सही करण्यापूर्वीं मावळतीच्या बाजूस काय येणार, गच्चीचें पाणी कोठें जाणार, जुनें सागवान कोणाच्या पदरांत पडणार, हें विचारलें पाहिजे. चौक ठेवला तर एका खोलीची जागा जाते, हें बांधणारा लगेच दाखवून देतो. चौकामुळें विजेचा खर्च किती वांचेल, तें त्याच्या कागदावर लिहिलेलें नसतें. तो आंकडा घरच्या माणसांनींच मागावयाचा असतो.